आईला मेंदूच्या गोळ्या पाठवण्याआधी

प्रश्न : मी कॅलगरीत, भाऊ मेलबर्नला. आई (वय ७६) साताऱ्यात एकटी राहते, दिवसभर कामाला मावशी असतात. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. हल्ली आई फोनवर बोलतच नाही. 'इकडे काय नवीन असणार, तुम्ही बरे आहात ना' म्हणते आणि फोन ठेवते. नावं विसरते. भजनी मंडळात जाणंही सोडलंय. डॉक्टर म्हणतात, वय झालं. भाऊ स्मरणशक्तीसाठी जिंकोच्या (जिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क असलेल्या) गोळ्या पाठवतोय. ही डिमेन्शियाची सुरुवात असेल का? गोळ्यांनी फरक पडेल?

उत्तर : गोळ्या नका पाठवू. जिंकोची चांगली कसून परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवर हा अभ्यास झाला. काहींना जिंको दिलं, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या, आणि कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं. काही वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं आणि २००८ साली निकाल आला : डिमेन्शिया टाळण्यात दोन्ही गटांत काहीही फरक नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर जिंको घेताना सावध राहावं लागतं ते वेगळंच.

आईंना डिमेन्शिया आहे का, हे पत्रावरून कोणीच सांगू शकणार नाही. पण 'वय झालं' हे काही निदान नव्हे. अबोलपणा, विसराळूपणा आणि घराबाहेर न पडणं डिमेन्शियात दिसतं, तसंच नैराश्यात दिसतं, आणि निव्वळ शरीराच्या कुरबुरींमुळेही दिसतं. म्हणून आधी शरीर तपासून घ्या. तिथले दोष सापडतात लवकर आणि पुष्कळदा दुरुस्तही होतात.

'आजोबांचं सोडियम कमी झालं आणि ते असंबद्ध बोलायला लागले' हे आपल्याकडे निम्म्या घरांत ऐकलेलं असतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली आणि त्यात जेवण कमी झालं, की उतारवयात सोडियम घसरू शकतं. बी-१२ कमी असेल तरी थकवा येतो, विसरायला होतं. पूर्ण शाकाहारी माणसाला आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका जास्त. थायरॉइडचंही तसंच. त्यामुळे सोडियम, बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्या. बऱ्याच लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो.

मग औषधांचा डबा. मावशींना सांगून डब्यातल्या प्रत्येक पाकिटाचा, दोन्ही बाजूंनी, फोटो मागवा. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू आहे, आधीच्या डॉक्टरांनी बंद केलेली गोळी अजून पोटात जातेय, असं सर्रास निघतं. झोपेसाठी म्हणून कधीतरी दिलेली अल्प्राझोलाम तर वर्षानुवर्षं केमिस्टकडून येत राहते. म्हातारपणी तिने गुंगी येते, तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच. मात्र झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करायला लावू नका, ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात. डब्यात ॲस्पिरिन दिसली तर ती कशासाठी आहे, हेही विचारा. हृदयविकार वा पक्षाघात झालेला नसताना 'खबरदारी म्हणून' ती घेण्याची परीक्षा ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ वयस्कांवर झाली. २०१८ मध्ये कळलं, की निरोगी आयुष्य काही वाढत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. ज्यांना स्टेंट आहे किंवा ॲटॅक येऊन गेलाय त्यांना हे लागू नाही, त्यांनी हात लावू नये.

आणि कान. आई फोनवर बोलत नाही, की तिला फोनवर ऐकूच येत नाही? प्रश्न एक, उत्तर भलतंच, किंवा सगळ्याला 'हो हो, बरं बरं' असं होत असेल तर कान तपासून घ्या. श्रवणयंत्राने डिमेन्शिया टळतो असे मथळे तुमच्या भावाच्या फोनवरही आले असतील. त्यामागचा २०२३ चा अमेरिकी अभ्यास थोडा सावकाश वाचायला हवा. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना यंत्रं दिली, तीन वर्षं थांबले, आणि सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बुद्धीच्या घसरणीत फरक नव्हता. ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. एवढं असूनही मी यंत्र घ्याच म्हणेन. ऐकू आलं की माणूस बोलतो, तेवढं कारण पुरे आहे.

इथे एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, आई भलतंसलतं बोलायला लागली, नसलेली माणसं दिसायला लागली, तर ते 'म्हातारपण' नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम किंवा एखादं औषध यामागे असू शकतं, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता मन. आपल्या आया 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. अन्न गोड लागत नाही, हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात, पहाटे तीनला जाग येते ती येते, कशात जीव रमत नाही, असं म्हणतात. आपण त्यातलं पित्त आणि गुडघे तेवढे ऐकतो.

याविषयी मला सगळ्यात आशादायक वाटणारं काम आपल्या शेजारच्या गोव्यात झालं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दिल' नावाच्या अभ्यासात साठीपुढचे १८१ जण होते. त्यांना अजून नैराश्याचा आजार जडलेला नव्हता, पण लक्षणं डोकावत होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना वेगळी मदत. मदत करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. अडचणीतून वाट कशी काढायची, झोपेचं वेळापत्रक कसं लावायचं, मधुमेहासारख्या दुखण्याची काळजी कशी घ्यायची, सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवायचा, इतकंच ते शिकवत. वर्षभरात मदत मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याने गाठलं, उरलेल्या ९० पैकी १३ जणांना. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण झोप, साखर, पेन्शन आणि मन अशी वेगवेगळी खाती त्यांनी पाडली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यातली 'अडचणीतून वाट' कॅलगरीत बसूनही काढता येते. 'आई, मंडळात जात जा गं' असं म्हणू नका. का सोडलं ते विचारा. कधी कळतं, की सोबत जाणाऱ्या काकू मुलाकडे पुण्याला गेल्या. कधी सभागृह वरच्या मजल्यावर गेलेलं असतं आणि जिन्याला कठडा नसतो. कधी परतताना अंधार पडतो, कुत्री अंगावर येतात. मग महिन्याच्या बोलीवर ओळखीचा रिक्षावाला ठरवणं हाच उपचार! पडण्याची भीती असेल तर फिजिओथेरपिस्टकडून तोल आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम शिकून घ्यायला सांगा. व्यायामाने वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये दिसलं. एकदा पडल्यानंतर माणूस घरात बसतो, घरात बसून पाय लुळे होतात आणि मनही.

'जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का' यापुढे जाऊन एक प्रश्न स्पष्ट विचारा : 'आई, जगण्यात काही राम नाही असं वाटतं का गं कधी?' विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर त्या दिवसापासून तिला एकटं ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. वयाच्या शहात्तरीतही नैराश्यावरचे उपचार लागू पडतात. फक्त नवी गोळी सुरू झाल्यावर सोडियम तपासायला सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनीही ते उतरतं.

रक्त, कान, औषधं आणि मन यांचा निकाल लागूनही विसरणं वाढतच गेलं, तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा वृद्धांचे डॉक्टर. तेव्हा आईबरोबर कोणीतरी जा, आणि नावं विसरण्यापेक्षा रोजच्या कामात काय बदललं ते लिहून न्या : दूध उतू जातं का, पैशांचा हिशेब चुकतो का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते का.

'मग इकडेच आणू का' हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. निदान होईपर्यंत नको. हिवाळ्यात बंद घर, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, दिवसभर मराठी बोलायला कोणी नाही. शिवाय पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांवर बहुधा अटी असतात. आणलंत आणि तिथे स्मरणशक्तीची चाचणी करायची वेळ आली, तर दुभाषी मागा, नातवाला मध्ये बसवू नका. मराठी शाळेत शिकलेल्या बाईची इंग्रजीतून परीक्षा घेतली तर गुण कमी पडणारच. 'रूडास' ही चाचणी सिडनीत वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठीच तयार झाली. ती घेता येईल का, असं डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

आईंच्या आणि मावशींच्या, दोघींच्या फोनमध्ये दोन नंबर आजच घालून ठेवायला सांगा : मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७. हे भारतातून लावायचे नंबर आहेत, म्हणून ते तुमच्यापेक्षा मावशींना पाठ असलेले बरे.