पाणी बघायला उदयपूरला कशाला?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दापोलीजवळ राहतो. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन उदयपूरला जायचं मनात आहे. बाबा ७२ चे, आई ६८ ची, तिचे गुडघे दुखतात. एका टूरवाल्याने ५ दिवसांत उदयपूर, चितोड, कुंभलगड आणि माउंट अबू असं सगळं बसवून दिलंय. बाबा म्हणतात पाणीच बघायचं तर आपला समुद्र काय वाईट आहे, एवढे पैसे घालून तलाव कसले बघायचे. त्यांना काय सांगू आणि हा प्लॅन ठीक आहे का?

उत्तर : आधी बाबांचं बघू, कारण माझे वडीलही अगदी हेच म्हणाले होते आणि समुद्राकाठच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. बाबांना सांगा की तिथले तलाव माणसांनी बांध घालून केलेत. वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे जुलैत एखादा पंधरवडा जोर धरला की पडतो तेवढा, आणि तेवढ्यावर त्यांनी शहर उभं केलं. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार पडतो, सगळा वहाळाने खाडीत जातो आणि मे महिन्यात वाडीवर टँकर येतो. बाबा दिवाळीनंतर पऱ्ह्यावर पोत्यांचा बंधारा घालायला जात असतील ना, मग त्यांना ते बघताना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळेल.

महाराणा उदयसिंहांनी १५५९ मध्ये शहर वसवलं तेव्हा पिछोला तलाव आधीच होता, एका बंजाऱ्याने बांधला असं सांगतात, उदयसिंहांनी तो वाढवला. १५६८ मध्ये चितोड अकबराच्या हातात गेलं आणि मेवाडचा कारभार इथून चालू लागला. पुढे स्वरूपसागर, फतेहसागर होत गेले आणि हे तलाव एकमेकांना जोडलेत. पिछोल्याच्या मधोमध दिसतो तो पांढरा महाल म्हणजे जगनिवास, १७४० च्या दशकात बांधलेला, आता हॉटेल आहे. दुसरा जगमंदिर, बापाविरुद्ध बंड केल्यावर शहाजादा खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान इथे आसऱ्याला होता.

आता प्लॅन. मला तो अजिबात पटला नाही, ५ दिवसांत एवढं केलंत तर आईच्या लक्षात फक्त गाडीची सीट राहील. अबू काढून टाका, जाऊन येऊनच दिवस संपतो. चितोड आणि कुंभलगडमधला एकच ठेवा, आणि कुंभलगडला चढ आहे हो, तिथे आईंना खाली बसावं लागेल, चितोडला निदान गडावर गाडी जाते. त्याऐवजी एक दिवस एकलिंगजी, नाथद्वारा ही देवस्थानं आणि पुढे राजसमंद तलाव करा. राजसमंद टूरवाले सहसा सांगत नाहीत पण बाबांसाठी तेच खरं. महाराणा राजसिंहांनी १७व्या शतकात दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हा तलाव बांधायला घेतला, नौचौकीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, संगमरवराच्या पायऱ्या, कोरीव मंडप आणि २५ शिळांवर कोरलेला संस्कृत शिलालेख आहे. माझे वडील त्या पाळीवर काठी टेकवून उभे राहिले आणि पायऱ्या कुठपर्यंत पाण्यात गेल्यात ते वाकून बघत होते, अर्धा तास हलले नाहीत, जेवायला चला म्हणून दोनदा सांगावं लागलं.

उदयपुरातच २ संध्याकाळी मोकळ्या ठेवा. एक गणगौर घाटावर, तिथेच बागोर की हवेलीत संध्याकाळी ७ वाजता लोकनृत्यांचा कार्यक्रम असतो, डोक्यावर मडक्यांवर मडकी रचून बाई नाचते, तिकिटाला आधी जाऊन रांग लावा. दुसरी फतेहसागरच्या पाळीवर, तिथे आईंना सपाट चालायला मिळेल. घाटावर सकाळी लवकरही जा, बायका लाकडी धोक्याने कपडे धोपटत असतात आणि आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, आईंना त्यांची जुनी नदी आठवेल. बोटिंग सिटी पॅलेसच्या बाजूने महाग पडतं, लाल घाटाकडून किंवा दूध तलाईकडून स्वस्त. जगदीश मंदिराला ३२ पायऱ्या आहेत आणि उंच आहेत, आईंनी खालूनच नमस्कार केला तरी चालेल. सिटी पॅलेसमध्येही चढउतार आणि अरुंद जिने आहेत, सकाळी गर्दी व्हायच्या आत जा.

हॉटेल बुक करताना एक नक्की विचारा, लिफ्ट आहे का. जुन्या हवेल्यांची हॉटेलं झालीत, दिसायला सुंदर, पण जिने उभे आणि लाल घाटाकडच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, बॅगा उचलून न्याव्या लागतात. आम्हाला 'लेक व्ह्यू' म्हणून दिलेल्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, तलाव बघायला गच्चीवर जावं लागायचं. खिडकीतून काढलेला फोटो मागवा, मगच पैसे भरा.

वांद्रे टर्मिनसहून उदयपूरची थेट गाडी आहे, रोज नसते म्हणून वार बघून घ्या. ती बोरिवलीला थांबते, दापोलीहून बोरिवलीची एसटी धरलीत तर वांद्र्याला बॅगा घेऊन फिरावं लागणार नाही. आणि स्वेटर न्याच, रात्री चांगलीच थंडी पडते.

प्रश्न : आम्हाला मे महिन्यातच सुट्टी मिळते, वेंगुर्ल्याहून ४ जण आहोत. गेलो तर चालेल का?

उत्तर : मी तरी जाणार नाही. उन्हात घाटाचा दगड पायाला सोसत नाही, आणि आधीचा पावसाळा कोरडा गेला असेल तर पाणी पार खाली जातं, दुष्काळाच्या वर्षांत पिछोला एवढा आटलाय की लोक जगनिवासापर्यंत चालत गेलेत. गणपतीनंतर ४ दिवस रजा काढता येतात का बघा, पाऊस चांगला झाला असेल तर तेव्हा तलाव भरलेले असतात आणि अरवलीचे डोंगर हिरवे असतात. दुपारी ऊन लागेल, तेवढ्यात जेवून झोपा आणि ४ नंतर बाहेर पडा. दालबाटीवर तूप ओततात ते मात्र जपून.