तंत्रप्रश्न : पहिल्याच यादीत फोन का ठेवला जातो?

प्रश्न : लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही फोनवरून आरोग्याची माहिती ऐकवतो. '१ दाबा, लसीकरणासाठी. २ दाबा, गरोदरपणासाठी' असे सात पर्याय आहेत. बरेच जण पहिल्याच यादीत फोन ठेवतात. बटणांऐवजी बोलून निवडायची सोय करावी का?

उत्तर : आधी बटणंच नीट करा. गुजरातेत शेतकऱ्यांच्या एका फोनसेवेवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बटणं वापरणाऱ्यांनी कामं जास्त प्रमाणात तडीस नेली.

तुमची वाक्यं उलटी आहेत. आकडा आधी कानावर पडतो, तो कशाचा हे नंतर कळतं आणि तोवर आकडा विसरलेला असतो. 'लसीकरणासाठी १ दाबा' असं म्हणा. दुसरं म्हणजे, बटण दाबायला फोन कानापासून खाली घ्यावा लागतो आणि तेवढ्यात पुढचं निसटतं. म्हणून यादी संपल्यावर सात-आठ सेकंद थांबा. उत्तर आलं नाही तर यादी पुन्हा ऐकवा. तरीही नाही आलं तर सर्वाधिक ऐकला जाणारा विषय सरळ सुरू करा. फोन आपणहून कापू नका. निवेदन चालू असतानाही दाबलेलं बटण स्वीकारलं गेलं पाहिजे.

पर्याय तीनच ठेवा, आणि यादीच्या पोटात यादी नको. साध्या फोनवाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्यात 'स' बोथट होऊन 'फ'कडे झुकतो. 'सहा' आणि 'सात' यांची गल्लत मग होऊ शकते. एक, दोन, तीनमध्ये ती भानगड नाही. निवेदनामागे संगीत नको, आणि ध्वनिमुद्रण तपासायचं ते स्टुडिओच्या हेडफोनवर नव्हे, स्वस्तातल्या फोनवर.

मिस्ड कॉल घेऊन तुम्ही उलट फोन करत असाल तर तो घरातलं दुसरंच कोणी उचलू शकतं. त्यामुळे पहिल्या वाक्यात आजाराचं नाव घेऊ नका.

चाचणीत 'आवडलं का?' हा प्रश्न टाळा. बंगळुरूत झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समोरच्या प्रश्नकर्त्यानेच वस्तू बनवली आहे असं वाटल्यावर ती पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीचपट वाढली होती; प्रश्नकर्ता परदेशी आणि सोबत दुभाष्या असला की पाचपट. भिडेपोटी मिळालेल्या होकाराचा काही उपयोग नाही. 'बाळाच्या पुढच्या लशीची माहिती काढा' असं काम द्या, गप्प बसा आणि हात कुठे अडखळतो ते बघा.

प्रश्न : छोटासा मराठी एसएमएससुद्धा दोन-तीन संदेशांइतका का मोजला जातो?

उत्तर : रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत सहसा ७०, संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात : 'स्त्री' या एका अक्षराला सहा जागा लागतात. रोमन मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर घुसलं तरी अख्खा संदेश ७०च्या हिशेबात जातो.

प्रश्न : रेंज नसलेल्या भागात आमचे कार्यकर्ते मोबाइलवर कुटुंबांचे फॉर्म भरतात. काही फॉर्म गायब होतात, काही दोनदा येतात.

उत्तर : गायब होतात कारण माहिती शेवटच्या 'सबमिट'पर्यंत तात्पुरत्या मेमरीतच असते, मध्येच फोन आला किंवा बॅटरी संपली की गेली. प्रत्येक रकाना भरताच फोनमध्ये साठवा. दोनदा येण्याचं कारण वेगळं : फॉर्म सर्व्हरवर पोचतो, पण पोच परत येईपर्यंत रेंज जाते, म्हणून ॲप तो पुन्हा पाठवतं. फॉर्म उघडतानाच फोनवर त्याला स्वतंत्र ओळखक्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त पोच द्यावी. फोटो फॉर्मसोबत बांधू नका, मागून वेगळे जाऊ द्या, नाहीतर एका फोटोपायी सगळंच अडतं. 'पाठवायचे बाकी : ४' हा आकडा कार्यकर्त्याला कायम दिसला पाहिजे. तो दिसत नसला की तेच कुटुंब पुन्हा भरलं जातं, आणि तेव्हा ओळखक्रमांक नवा असल्यामुळे सर्व्हरलाही ते ओळखता येत नाही.