ग्राफिक्स कार्डाच्या आधी क्रेडिट कार्ड

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. हातात पगार ५४ हजार. गेमिंगसाठी पीसी असेंबल करायचा आहे आणि दुकानदाराने १ लाख ६५ हजारांचं कोटेशन दिलंय. प्रश्न दोन. ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा पार्ट) आरटीएक्स ५०७० घेऊ की आरएक्स ९०७०? आणि ६० हजारांची एफडी मोडून उरलेले १ लाख ५ हजार क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने भरले तर चालेल का?

पत्राच्या शेवटी, ताजा कलम असावा तसं एक वाक्य आहे: "कार्डावर आधीचे ९० हजार आहेत, पण मिनिमम ड्यू मी वेळेवर भरतो."

माझं उत्तर या वाक्याला आहे. ग्राफिक्स कार्डाचं मग बघू.

हे ९० हजार आले कुठून? मार्च २०२४ मध्ये तुम्ही बँकेत पासबुक भरायला गेलात आणि रिलेशनशिप मॅनेजरने तुमच्या गळ्यात 'गॅरंटीड' पॉलिसी मारली. वर्षाला ९६ हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी पैसे दुप्पट, वर टॅक्स वाचेल. पहिला हप्ता साठवलेल्या पैशांतून गेला. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी खात्यात पैसे नव्हते, तेव्हा त्याच मॅनेजरने सांगितलं की कार्डावर टाका, रिवॉर्ड पॉइंट मिळतील.

दहा महिने झाले. मिनिमम ड्यू म्हणजे थकबाकीच्या साधारण ५ टक्के, तुमच्या बाबतीत महिन्याला साडेचार हजार. महिना साडेतीन टक्क्यांनी ९० हजारांवर व्याज ३,१५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७०० रुपये बँकेचे. मुद्दल फिटतं ८००. दहा महिन्यांत ४५ हजारांहून जास्त भरलेत आणि थकबाकी जवळजवळ होती तिथेच आहे. या गतीने वर्षाला एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड तुम्ही बँकेला भेट देताय, आणि पॉइंटांवर फार तर एखादा हेडफोन मिळेल.

आणि त्याच दहा महिन्यांत पीसीसाठी म्हणून ६० हजारांची एफडी केलीत. तिथे साडेसहा टक्के मिळतात, इथे बेचाळीस जातात. बचत करायची सवय आहे तुम्हाला, त्याचं कौतुकच आहे. फक्त पैसे चुकीच्या खिशात पडतायत.

आता पॉलिसी. तुमच्याच हिशेबाने महिन्याला ७ हजार शिल्लक राहतात, वर्षाला ८४ हजार. हप्ता ९६ हजारांचा. हे गणित चौथीतलं पोरही करील, त्या मॅनेजरलाही येत असणार. दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी 'दुप्पट' म्हणजे साधारण साडेचार टक्के परतावा. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर १९ लाखांच्या जागी २८ लाखांच्या आसपास झाले असते. टॅक्स वाचेल म्हणे! तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत तेव्हाही टॅक्स शून्यच होता. विमा किती, तर दहा लाखांच्या आतबाहेर. गावी आई-वडील तुमच्यावर अवलंबून आहेत. एक कोटीचा टर्म विमा (नुसतं मृत्यूचं संरक्षण, परतावा नाही) तुमच्या वयाला वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.

मार्चमध्ये तिसरा हप्ता येईल. भरू नका. पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच मोडा. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची, म्हणून सरेंडरचे जुने नियम लागतील: दोन हप्त्यांनंतर भरलेल्या पैशांच्या किमान ३० टक्के. १ लाख ९२ हजारांचे ५७-५८ हजार. पोटात दुखेल, मान्य. पण बुडालेले बुडाले, त्यांच्या मागे आणखी आठ हप्ते कशाला पाठवायचे? आकडा शाखेतून लेखी घ्या. 'थोडं थांबा, आपण हे दुसऱ्या प्लॅनमध्ये फिरवू' असं कोणी म्हटलं तर चहासुद्धा न घेता उठा.

एफडी आजच मोडा आणि ६० हजार कार्डावर भरा. सरेंडरचे आले की उरलेले ३० भरा. कार्ड शून्य, हातात २७ हजार.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट दाखवतो. पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी, आणि रोखीत मिळणारा डिस्काउंट गेला तो वेगळाच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. शिवाय दोन लाखांच्या मर्यादेतले १ लाख ९५ हजार वापरलेत की क्रेडिट स्कोअरचंही वाटोळं.

दुकानदार म्हणतो, रॅम, म्हणजे पीसीची मेमरी, महागत चाललीय, आत्ताच घ्या. खोटं नाही बोलत तो. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरांकडे वळल्यात, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण समजा सहा महिन्यांत रॅम दहा हजारांनी वाढली. तेवढ्या काळात कार्डाचं व्याज २२ हजार होतं.

स्ट्रीमिंगमधून ईएमआय निघेल, असंही लिहिलंय. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. तुमचे सबस्क्रायबर १४०, त्यातले निम्मे ऑफिसातले. हौस म्हणून जरूर करा, हिशेबात धरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही खेळता मुख्यतः व्हॅलोरंट, आणि मॉनिटर जुना, ६० हर्ट्झचा, फुल एचडी. कार्डाने ३०० फ्रेम काढल्या तरी तो सेकंदाला ६०च दाखवणार. त्यामुळे ५०७० नको आणि ९०७०ही नको. (पुढेमागे मोठे गेम खेळायचेच झाले तर १२ जीबी मेमरीच्या ५०७० पेक्षा १६ जीबीचं ९०७० मला बरं वाटतं.) प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डीऐवजी रायझन ५ ७६०० घ्या, मदरबोर्ड एएम५ चाच (दोन्ही प्रोसेसर बसतात तो) राहील, प्रोसेसर नंतर बदलता येतो. ७६०० सोबत कूलर डब्यातच येतो, तेव्हा ३६० एमएमचा लिक्विड कूलर आणि ती चमचमणारी काचेची कॅबिनेट काढून टाका. वाचलेल्या पैशांत १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर. फरक डोळ्यांना तिथे दिसेल.

कार्ड फिटलं की सात हजार आणि मिनिमम ड्यूचे साडेचार, मिळून महिन्याला साडेअकरा हजार सुटतात. टर्म विमा काढून, ४० हजार अडीअडचणीला बाजूला ठेवून, पुढच्या संक्रांतीपर्यंत ९० हजार रोख जमतात. तेवढ्यात बसेल तो पीसी घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारा, दोन-तीन दुकानांतून भाव काढा, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

आणि तुमच्या कोटेशनमध्ये एके ठिकाणी नुसतं 'एसएमपीएस ७५० वॅट' लिहिलंय, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणारा पार्ट, आणि कंपनीचं नावच नाही. ते कोणतं, हे त्याला आधी विचारा.