बसत नाही, हे तू ठरवू नकोस

बाळ,

काल संध्याकाळी पिशवीतले कागद माझ्यासमोर पसरलेस आणि पाच मिनिटांत परत गोळा केलेस. "काका, आपण फीमाफीत बसत नाही." रेशनकार्डाला तंबाखूचा वास येत होता. आई विड्यांच्या सुपाशेजारीच ठेवत असणार. तू गेल्यावर बराच वेळ तो वास हाताला होता, म्हणून लिहायला बसलो.

बसत नाही, हे तुला सांगितलं कुणी? गल्लीतल्या पोरानं. त्यानं नियम वाचलाय का? तू वाचलास का?

१९८३ साली मीही एका खिडकीवरून असाच परतलो. वडील माग चालवायचे. ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी सवलतीचा कोरा अर्ज हातात होता. आतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, तुमचं बसत नाही. कुठल्या नियमानं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. डिप्लोमा सुटला. अकरा वर्षं मागावर उभा राहिलो, बी.ए. रात्रीच्या कॉलेजातून केलं. पुढं कधीतरी नियम हाताशी आला, तर वडिलांची मजुरी मर्यादेच्या कितीतरी खाली. माझा अर्ज कुणी फेटाळला नव्हता गं, मी तो भरलाच नव्हता.

अपात्र ठरवायचं काम कार्यालयाचं आहे. ते तू अंगावर घेऊ नकोस.

तू ओबीसी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मंच मिळायचं. आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. आठ लाख तुमच्या घरानं कधी पाहिलेत का? आणि तू म्हणतेस बसत नाही!

इतर शुल्कं भरावी लागतील, तेवढ्याची तयारी ठेव. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घे. तो एजंट "फॉर्मची कटकट नको, थेट सीट देतो" म्हणतोय ना, ती मॅनेजमेंट कोट्याची सीट. तिथं गेलीस की माफी गेली. यावर मला तुझं काहीएक ऐकायचं नाही.

आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे, त्यावर केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्तीही असते. मात्र ती घेतली की दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन्हींचा हिशोब मांडू, मगच ठरवू.

कागदांत जात पडताळणी सगळ्यात आधी. तिला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर किती तारखेपर्यंत चालतात, ते बघ. मार्कलिस्टवर आडनाव एका स्पेलिंगनं आहे आणि आधारवर दुसऱ्या, हे काल माझ्या लक्षात आलं. आपल्या भागात घरोघरी हेच. आजच दुरुस्तीला टाक. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे त्याच खात्यात येतात.

अर्ज परत आला तर लाज वाटेल, म्हणालीस. कसली लाज? त्रुटी काढून परत पाठवला म्हणजे फेटाळला नाही. दुरुस्त कर, पुन्हा पाठव. तोंडी नाही म्हणाले तर सांग, कारण लेखी द्या. गल्लीतले म्हणतात मी पोरांना खिडकीवर तीनतीनदा पिटाळतो, त्यांचा अपमान करवतो. म्हणू देत. माझा अपमान एकदाच झाला होता, आणि तो मी निमूट घरी घेऊन आलो. त्याची किंमत मला ठाऊक आहे.

अपात्र असशील तर ते कळवतील. तू अर्ज भर.

सोमवारी दहा वाजता ये, सेतू केंद्रात जाऊ. आधारला जोडलेला नंबर आईच्या मोबाइलचा आहे, ओटीपी त्यावरच येईल. तो फोन चार्ज करून आण.

तुझा
काका