संत्रं नंतर, आधी मेथी

ताई, कुंड्यांतली बाग नव्यानं सुरू करताय, तर संत्र्याचं कलम लावायची घाई नको. नागपुरात प्रत्येकाला आधी तेच सुचतं. माझं पहिल्याच पावसाळ्यात मुळं सडून गेलं. दसऱ्यानंतर मेथी, पालक पेरा. मेथी महिन्याभरात कढईत पडते, मग हुरूप येतो.

चुका बहुतेकांच्या याच:
– नुसती काळी माती. ओली असली की चिखल, वाळली की वीट, आणि कडेनं भेगा पडून पाणी सरळ खाली. निम्मी माती, बाकी शेणखत-कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा).
– रोज ठरवून पाणी. बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर राहू द्या.
– कुंडीला भोकच नसणं.

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा सावलीला हिरवी जाळी लागेलच. फवारण्या-बिवारण्यांचं नंतर बघू.