मोठ्या मॅजेलन मेघातले तारकागुच्छ किती जुने आहेत, आणि वय कसं कळतं?

सगळे एका वयाचे नाहीत. सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरच्या या बटू दीर्घिकेत आर१३६ गुच्छ जेमतेम १०-२० लाख वर्षांचा, तर एनजीसी २२५७ सारखे गोलाकार गुच्छ १२ अब्ज वर्षांच्या आसपासचे. मधल्या, साधारण ४ ते ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या काळातले मात्र जवळजवळ नाहीतच. ठळक अपवाद ईएसओ १२१-०३, वय सुमारे ९ अब्ज. शेजारच्या लहान मॅजेलन मेघात, म्हणजे दुसऱ्या बटू दीर्घिकेत, असा खंड दिसत नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं.

वय ताऱ्यांच्या रंग-तेजाच्या आलेखावरून काढतात. तप्त, निळे, वजनदार तारे आधी संपतात, म्हणून मुख्य अनुक्रम (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा आलेखावरचा पट्टा) जितका खाली, मंद ताऱ्यांकडे, तुटलेला, तितका गुच्छ जुना. रचना म्हणाल तर तरुण गुच्छांचे गाभे बहुतेक घट्ट. जुन्यांत काहींचे तसेच लहान, काहींचे बरेच पसरलेले.