चढावर जीपचं नाक उचलतं. पुढच्या ॲक्सलला विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बांधून फायदा होतो का?

हो, होतो, आणि चांगलाच होतो. तीव्र चढावर वजन मागच्या चाकांवर जातं, पुढच्या स्प्रिंगवरचा भार हलका होतो आणि त्या ताणल्या जाऊन पुढची बॉडी वर उचलतात. गुरुत्वमध्य आणखी वर आणि मागे सरकतो. गाडी मागे उलटण्याची भीती इथूनच सुरू होते.

चासीवर छोटी विंच बसवून तिचा दोर पुढच्या ॲक्सलच्या मध्याशी बांधतात. एटीव्हीची (छोट्या चारचाकी ऑफ-रोड गाडीची) २,००० ते ३,००० पौंड ओढू शकणारी विंच यासाठी बरेच जण वापरतात. दोर ओढला की स्प्रिंग दबते, नाक खाली येतं आणि तिथेच राहतं. दोर सिंथेटिक घ्या, स्टीयरिंगचे रॉड आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांबून न्या. मध्ये कप्पी घालून दोर दुहेरी केला तर विंचवर साधारण निम्माच भार येतो. हे मी जरूर करेन, कारण चाक खड्ड्यात पडलं की बसणारा झटका विंचच्या ब्रेकला झेपेलच असं नाही.

पूर्ण मात्र कधीच ओढू नका. बंप स्टॉपला (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर ॲक्सल टेकतो त्या रबरी ठोकळ्याला) टेकलेलं सस्पेन्शन दगडावर काहीच झेलत नाही. चढ संपला की लगेच सैल करा, नाहीतर खडबडीत जागी खालचं चाक जमिनीपर्यंत पोचत नाही आणि पकड जाते.

क्वचितच असे चढ चढत असाल तर आधी लिमिट स्ट्रॅप, म्हणजे ॲक्सल ठरावीक अंतरापेक्षा खाली जाऊ न देणारे चासीला बांधलेले पट्टे, लावून बघा. स्वस्त आहेत, बिघडण्यासारखंही काही नाही; फक्त चालता चालता लांबी बदलता येत नाही.